दार बंद केलेल्या पेशी

सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बसलं की मला डिंभ्याच्या धरणाचं पाणी आठवतं. पहाटे धुकं पाण्याला टेकलेलं असायचं आणि त्यातून वडिलांची होडी आधी आवाजानं यायची, मग दिसायची.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. विषाणू आला की शरीरातल्या काही पेशी आजूबाजूच्या पेशींना सावध करणारा निरोप सोडतात. त्या निरोपाचं नाव इंटरफेरॉन. उंदराच्या प्लीहेतल्या कोणत्या पेशींनी तो तयार केला, हे मी शोधते. शोधायला अँटीबॉडी वापरते. ती फक्त इंटरफेरॉनलाच चिकटते, आणि तिच्यावर चढवलेला रंग निळ्या प्रकाशात हिरवा दिसतो.

हे मी वडिलांना एकदा होडीत बसून सांगितलं होतं. ते जाळं उलगडत होते.

"म्हंजे जाळंच की," ते म्हणाले. "भोकाच्या मापाचाच मासा गावायचा."

पण निरोप पेशीतून लगेच बाहेर पडतो, मग तो कुणी धाडला ते कळत नाही. म्हणून पेशींना एक औषध देऊन त्यांचं दार काही तास बंद करावं लागतं. निरोप आत साठतो, तेव्हा तो अँटीबॉडीला सापडतो. हे ऐकून त्यांचे हात थांबले.

"आन् मग शेजाऱ्याला कसं कळायचं, इख आलंय म्हनून?"

"नाही कळत."

"तुला दिसावं म्हनून त्यानं मुकं ऱ्हायचं व्हय?" ते हसले. काठावरच्या माणसाला ओरडून म्हणाले, "आमची पोरगी उंदरांची डाक्टर झाली, राव!"

"मंग आमच्या कणगीत सोडा की तिला," तिकडून उत्तर आलं. "लई पेशंट हायेत!"

पुढे एके दिवशी मी पेशींना ते औषध नुकतंच घातलं होतं आणि आत्याचा फोन आला. वडिलांना घोडेगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. "दादा जरा दमलाय. ये तू. पर पळत येऊ नकोस, बोलतोय चांगला."

चार तास थांबायचं होतं, मग पेशी काचपट्ट्यांवर पक्क्या करायच्या. एवढं झालं की त्या फ्रिजमध्ये टिकतात. मधेच सोडलं तर सगळं फुकट, आणि त्यासाठी सकाळी चार उंदीर माझ्याच हातानं मेले होते. मी थांबले. खिडकीबाहेर कडुनिंबाची सावली भिंतीवरून सरकत होती. मी ती बघत राहिले. बोलतोय चांगला, हे शब्द मी पुन्हा पुन्हा ऐकत होते.

मंचरला उतरले तेव्हा घोडेगावावरून जाणारी डिंभ्याची बस गेलेली होती. जीपमध्ये आठवी म्हणून बसले. रस्त्याकडेच्या उसावर पिवळं ऊन होतं. दवाखान्यात पोचले तेव्हा वडिलांचे डोळे मिटलेले होते. श्वास होता, बोलणं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. जाळ्याच्या दोरीनं बोटांवर पडलेले वळ तसेच होते. दिवेलागणीला श्वासही थांबला.

तेराव्यापर्यंत मी डिंभ्यात होते. माणसं येत, चहा घेत, पाण्याकडे बघत बसत. मला आत्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि धीर होत नव्हता. निघायच्या सकाळी ती माझ्या पिशवीत तांदूळ बांधत होती, तेव्हा विचारलं.

"शेवटी काय म्हणाले गं ते?"

"दादा? त्यो काय म्हननार. येष्टीचं टाइम सांगत व्हता." तिनं गाठ मारली. "मी म्हनलं, फोन करू का परत, बिगी ये म्हनून? तर म्हनला, नगं. काम आटपल्याबिगर ती यायची न्हाई. पाचची गाडी चुकंल तिची. मंचरवरनं जीपनं ये म्हनावं, उगा फाट्यावर हुबी ऱ्हाशील."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आगं, तू आलीस की जीपनं!"

पुण्याला परतल्यावर मी काचपट्ट्यांवर अँटीबॉडी घातली, धुतली आणि अंधाऱ्या खोलीत बसले. दार बंद केलेल्या पेशींमधून हिरवे ठिपके वर आले, धुक्यातून एकेक होडी यावी तसे. प्रयोग साधला होता.

तुलनेसाठी दुसरी एक पट्टी नेहमी असते. तिच्यातल्या पेशींना औषध दिलेलं नसतं, दार उघडंच असतं. ती जवळजवळ काळी दिसते. आजवर ती मी क्षणभर बघून बाजूला ठेवत असे. त्या दिवशी ती भिंगाखाली तशीच राहू दिली. काळोखात पेशींच्या फिकट कडा तेवढ्या दिसत होत्या, आत काही उरलेलं नव्हतं; निरोप केव्हाच बाहेर गेला होता. बाहेर कुणीतरी खोलीचं दार वाजवलं, सूक्ष्मदर्शकावर त्यांची पाळी होती. मी म्हटलं, थोडं थांबा.