घटाआधी कॉम्प्युटर घासला

आमच्याकडं घट बसायच्या आधी सगळं घर अंगणात येतं. धुऊन-वाळवून परत आत जातं, अन् वर्षभर ज्याला हात लागला नाही ते बाहेरच राहतं. त्या साली मी कॉम्प्युटरही तसाच काढायला बसले.

माजलगावात माझा टायपिंगचा क्लास होता. सगळे टाइपरायटर, अन् कोपऱ्यात एकच जुना कॉम्प्युटर. त्यात मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकली होती. शिकवणारं कुणी नव्हतं. चुकत चुकत शिकले, अन् चुकण्यात कंजुषी केली नाही.

त्यावर एकच पोरगी बसायची, मोसंबीचा धंदा करणाऱ्या एका बागवानाची. बाकीच्या भ्यायच्या. तिचे वडील मला सांगून गेले होते, "बाई, तीन महिने झाले. शुक्रवारी नमाज झाली की येतो. पोरीनं माझ्यासमोर एक पत्र छापून दाखवावं. न्हाई जमलं तर क्लास बंद, शिवणकाम शिकंल ती."

आणि मी बुधवारी साफसफाई काढली. डिस्क भरत आली होती. काळ्या पडद्यावर पॅकेजांची, म्हणजे आत बसवलेल्या प्रोग्रामांच्या तुकड्यांची, यादी मागवली, तर लिब, लिब, लिब अशी ढीगभर नावं. मी त्यातलं एकही कधी उघडलं नव्हतं. म्हणलं, अडगळ. काढायचा हुकूम टाइप केला: आरपीएम, उणे ई, पुढं नाव, एंटर. मशीन नको म्हणालं: हे अमक्याला लागतं, ते तमक्याला लागतं. आता अडगळ काढताना घरातली माणसं असंच म्हणतात की. मी पुढं नोडेप्स जोडलं, म्हणजे कुणाला लागत असलं तरी काढ. गुमान काढलं त्यानं. लई बरं वाटलं.

गुरुवारी पोरगी आली, तर लिहायचा प्रोग्राम उघडेना.

"बाई, काल काय केलं तुमी?"

"घासला."

"अन् भांडंच फेकून दिलं व्हय?"

परत बसवायला सीडी घातली. एक पॅकेज टाकावं तर ते म्हणे, आधी दुसरं आणा. दुसरं म्हणे, आधी तिसरं. मी सीडीच बाहेर काढायला निघाले; पोरगी मात्र हसायला लागली. "माझ्या थोरल्या आपाच्या शादीत अस्संच झालतं बाई. मामू बसल्याशिवाय फुफा जेवेनात, चाचा बसल्याशिवाय मामू. शेवटी अब्बांनी चाचांना आधी बसवलं. त्यांचं कुणाशीच काही न्हवतं."

मग आम्ही असा चाचा शोधत बसलो, दुसरं कुणीच न मागणारं पॅकेज. कागदावर कोण कुणासाठी अडलंय ते लिहिलं अन् खालून वर सुरुवात केली. बसवायचा हुकूम: आरपीएम, उणे आय. मशीन काही न बोलता पुढच्या ओळीवर आलं की ती म्हणायची, "बसले." दिवस मावळायच्या आत फुफासुद्धा बसले, अन् प्रोग्राम उघडला.

शुक्रवारी वडील आले. पोरीनं इंग्रजीत पत्र लिहिलं, प्रिंटरनं खरखर करून छापलं. त्यांनी कागद न्याहाळला.

"काय लिवलं?"

"पेटीवाल्याला. तुमी पेटीत खाली ओलं गवत घालता, आमची मोसंबी तळाला काळी पडते. कोरडं घाला, न्हाईतर दुसरीकडून पेट्या घेऊ."

त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं. "ही सगळी धमकी इंग्रजीत हाय?"

"हाय, अब्बा."

"मग अजून एक काढ. जालन्यावाला बी तसलाच हाय." स्टूल ओढून ते तिच्या शेजारी बसले अन् माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सोमवारपासून हिला तासभर जास्त बसवा, बाई."