चिशिंबाचा टँकर का थांबला नाही

लिहितेयस ना? मग चिशिंबाचं लिही. लोक त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. खरं काय झालं ते एकदा कागदावर उतरू दे.

चिशिंबा म्हणजे मातीची मडकी करणाऱ्या आपल्या कापोपो म्हातारीचा थोरला लेक. बावीस वर्षं टँकर चालवत होता. दारेसलामच्या बंदरावर पेट्रोल भरायचं, नाकोंडेची सरहद्द ओलांडून आपल्या देशात यायचं आणि न्डोला शहरात नेऊन ओतायचं, हेच त्याचं काम. पगार महिन्याचा नव्हता, फेरीचा होता. चाकं फिरली तर पैसे. सरहद्दीवर आठ-आठ दिवस रांगेत उभं राहावं लागायचं, ते दिवस मालकाच्या खिजगणतीतच नाहीत. कॅबिनमध्येच झोपायचं आणि रांगेत विकायला येणाऱ्या बाईकडून न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, विकत घेऊन सुकी मासळी तोंडी लावायची. रांगेत शेजारी दुसऱ्या देशाच्या कंपनीचा ड्रायव्हर असायचा. त्याला उभं राहण्याचेसुद्धा पैसे मिळायचे.

तो चिडवायचा, "काय रे, तुझा मालक तुला हवा खायला घालतो की काय?"

चिशिंबा म्हणायचा, "हवा कसली, पेट्रोलचा वास देतो. पोट लवकर भरतं."

आधी बरं का, गाडीवर दोघं असायचे. एक चालवी, एक झोपे. एक जेवायला गेला तर दुसरा गाडीपाशी. मग मालकाने तो दुसरा माणूस काढला आणि त्याच्या जागी एक डबी बसवली. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं ती डबी न्डोलाच्या ऑफिसात सांगायची. डबीला ना पगार लागतो ना न्शिमा.

तर ऑक्टोबर होता. गवत असं वाळलेलं की नुसतं बघूनच घसा कोरडा पडावा. चिशिंबा नाकोंडेला रांगेत सहाव्या दिवशी उभा होता, आणि गुरुवारी सकाळी त्याच्या धाकट्या बहिणीचा, मलामाचा, फोन आला.

"दादा, आई गेली."

तो चाकाला टेकून खाली बसला. मग ऑफिसात फोन लावला. तिथे सिमुकोंडा म्हणून साहेब होता. माणूस वाईट नव्हता, पण तोही कुणाचा तरी नोकरच.

"साहेब, आई वारली माझी. दुसरा ड्रायव्हर पाठवा."

"कुठून पाठवू? माणूसच नाही. आणि भरलेली गाडी सोडलीस ना, तर परत येऊच नकोस. गेटवर चाळीस जण लायसन घेऊन उभे आहेत."

"गाव वाटेवरच आहे माझं. मोठ्या रस्त्यापासून तासभर चालत."

सिमुकोंडाने आवाज खाली आणला. म्हणाला, "रस्त्यावर अर्धा तास थांब. तेवढं मी सांभाळून घेतो. गाडीपासून लांब जाऊ नकोस."

अर्ध्या तासात तासभराची वाट कशी चालणार? म्हणून चिशिंबाने मामाला फोन केला. मामा कातोंगो घरातला मोठा. मयत कधी न्यायचं, कधी पुरायचं, सगळं मामाच्या हातात.

"मामा, आईला रस्त्यावर आणा. मला तिचं तोंड बघू द्या."

मामा कडाडला, "माझ्या बहिणीला ट्रकच्या दारात आणू? ती काय बटाट्याचं पोतं आहे?"

"मामा, तुमच्या पाया पडतो. थोरला आहे मी. मी पेटीवर मूठभर माती नाही टाकली तर कोण टाकणार?"

 मामा शेवटी म्हणाला, "शनिवारी सकाळी आणतो. त्याच्यापुढे थांबणार नाही. ऊन बघतोयस ना?"

आता रांग कशी सुटावी? तर रांगेतल्या ड्रायव्हरांनीच झाडाची हिरवी फांदी तोडून त्याच्या टँकरच्या तोंडाला बांधली. फांदी बांधलेली गाडी म्हणजे मयताची गाडी, हे कुणालाही कळतं. एकेक जण आपली गाडी बाजूला घेत गेला. तो चिडवणारासुद्धा. त्याने खिडकीतून दोन उकडलेली अंडी दिली आणि मान फिरवली. शुक्रवारी दुपारी चिशिंबा सरहद्दीच्या या बाजूला आला. पण सूर्य बुडाला की भरलेला टँकर उभा करायचा, असा कंपनीचा नियम. रात्रभर तो जागाच होता. उजाडताच निघाला.

इकडे मामाने शब्द पाळला. म्हातारीला बैलगाडीवर घातलं, बायका रडत मागे, गडी पुढे, आणि तिची पेटी आणून रस्त्याच्या कडेला ठेवली. आता बघ, आपल्यात मयताच्या घरची शेकोटी पुरून होईपर्यंत विझवायची नसते. म्हातारीला रस्त्यावर आणलं, मग तिला शेकोटीवाचून कसं ठेवणार? मामाने घरच्या शेकोटीतले निखारे मडक्यात घालून आणले आणि पेटीच्या उशाशी, गवत साफ करून, चांगली मोठी शेकोटी पेटवली. बहिणीचा मान कमी नको पडायला.

मामाला पेट्रोलचं काय ठाऊक! आणि चिशिंबाला वाटलंच नाही की हे सांगावं लागेल. बावीस वर्षं टँकरपाशी त्याने काडी ओढली नव्हती. विस्तवापासून लांब राहणं त्याला श्वास घेण्यासारखं झालेलं. ते कुणाला सांगायचं असतं का?

टँकर वळणावरून खाली आला आणि चिशिंबाला धूर दिसला. मग माणसं दिसली. मग पेटी. वारा सुटलेला, ठिणग्या सरळ रस्त्यावर येत होत्या. त्याने फोन उचलला, मलामाला लावला, वाजत राहिला. एवढ्या रडण्यात फोन कुणाला ऐकू येणार?

लोकांनी टँकर ओळखला. फांदी बघितली. मलामा हात पसरून रस्त्याकडे धावली, "दादा आला! मायो, तुझा लेक आला!"

आणि टँकर पुढून निघून गेला. थांबला नाही. वेगसुद्धा कमी केला नाही.

असा आकांत उठला! मामाने काठी आपटली. "बघितलंत? आईपेक्षा नोकरी मोठी! उचला रे, चला."

चिशिंबाला गाडी बाजूला घ्यायला जागाच मिळेना. दोन्हीकडे खोल चर, कडेला वाळलं गवत. तीन किलोमीटर पुढे गेल्यावर मोकळी जागा मिळाली. तिथे उभी केली, कुलूप घातलं आणि पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, ड्रायव्हरचं पोट, पायात रबरी चपला. फोन वाजायला लागला. सिमुकोंडाच. त्याने उचलला नाही.

पोचला तेव्हा शेकोटी तेवढी होती. बैलगाडी वळल्याच्या चाकोऱ्या धुळीत दिसत होत्या. आणि लांब, पाऊलवाटेवर, टेकाडाच्या वर चढणारी माणसं. बायकांचा आवाज वाऱ्यावर येत होता. त्याने हाका मारल्या, उलट्या वाऱ्यात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. धावला असता तर अजून गाठता आलं असतं.

एवढ्यात सायकलवरून एक माणूस आला. चिशिंबाचा कंपनीचा शर्ट बघून थांबला. "तो टँकर तुमचा का हो? पोरं जमलीत तिथे डबे घेऊन. एकाने तर खालचा नळ धरलाय. विडीवालेही आहेत दोघं."

चिशिंबा टेकाडाकडे बघत उभा राहिला. सायकलवाला नंतर म्हणायचा, वेळ काही मोजला नाही, पण फार वेळ उभा होता. मग त्याने दोन्ही हातांनी माती लोटून लोटून ती शेकोटी विझवली, आणि सायकलवाल्याला म्हणाला, "मला मागे बसव. लवकर."

पोरांना हाकललं. कुणाला काही झालं नाही. न्डोलाला पेट्रोल ओतलं तेव्हा त्याच्या हातावर कागद ठेवला: ठरल्यापेक्षा जास्त थांबला, गाडी एकटी सोडली, या फेरीचे अर्धे पैसे बंद. सिमुकोंडाने मान खाली घालूनच तो कागद दिला.

पावसाळ्यात एक फेरी बुडवून तो गावी आला. मामा घरात होता, बाहेर आला नाही. मलामाने त्याला कबरीपाशी नेलं. मातीवर गवत उगवलेलं. त्याने सगळं सांगितलं तिला, धूर, वारा, चर, पोरं. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "कळलं रे दादा. पण हात तरी हलवायचास. मी तिथे हात पसरून उभी होते."

"स्टिअरिंगवरचा हात सोडला असता ना मलामा, तर पाय ब्रेकवर गेला असता."

 त्याने एक मूठ माती उचलली, पावसाने चिखल झालेली ती. टाकायची कुठे ते त्याला कळेना. कबर कधीचीच भरली होती. तशीच मूठ धरून तो बसला.