दोन यॉट आणि एक कौल

नारळी पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी माझे यजमान वारले. ते उठले, चहा प्याले, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसले आणि वारले. त्या आठवड्यात आमची यॉट पाण्यात उतरायची होती.

ते बार्जवर मास्टर, म्हणजे कप्तान, होते. डिचोलीच्या खाणीतलं खनिज नदीतून मुरगावला नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मुरगावच्या खाडीत कधीतरी शिडांच्या शर्यती चालत. बार्ज नांगरलेली असली की ते त्या बघत बसायचे. इंजिनाच्या आवाजात जन्म काढलेल्या माणसाला आवाज न करता जाणारी होडी बघून काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही. खाणी बंद झाल्या, बार्ज उभी राहिली आणि एक दिवस ते म्हणाले, "आता एक शिडाची घेऊया. कारवारपर्यंत जाऊ, मालवणला जाऊ. वर्षातून एकदा शर्यतीत उतरू."

शापोरा नदीत पेडण्याच्या बाजूला दोन जुन्या यॉट विकायला होत्या. दोघींचे मालक परदेशी होते. समुद्रातून आले, इथेच म्हातारे झाले. लांबीला दोन्ही सारख्याच, आमच्या बाल्कांवापासून मागच्या विहिरीपर्यंत येतील एवढ्या. बाकी काहीच सारखं नव्हतं.

मी शाळेत ग्रंथपाल. जुन्या यॉटवरची पुस्तकं मागवून मी वाचायचे आणि जेवणं झाल्यावर त्यांना मराठीत सांगायचे. पहिलीचा कील, म्हणजे तळाचा कणा, पुढून मागपर्यंत लांबच लांब आणि सुकाणू त्याच्या आडोशाला. ती जड होती. वळायला वेळ घ्यायची, हलक्या वाऱ्यात जागची हलायची नाही. पण ओहोटीला चिखलात टेकली तर सरळ टेकायची. दुसरीचा कील माशाच्या परासारखा अरुंद आणि खोल. नदीच्या तोंडाशी वाळू साचते, तिथून ती भरतीलाच बाहेर पडायची. सुकाणू मोकळं लोंबतं, कशाला आपटलं तर गेलंच. पण वारा समोरून असला तरी त्याच्या तोंडावर चढायची ती हीच.

"ही म्हस, ती घोडी," ते म्हणाले.

"मग तुम्ही म्हशीवर बसून शर्यत मारणार?"

"म्हस बुडत नाय गो."

दिवाळीनंतर दोन्ही मालकांनी आम्हाला एकेक फेरी मारून आणलं. म्हशीवर माझा चहा कपात राहिला. घोडीवर मी कठड्याला धरून ओकत होते आणि हे सुकाणूचा दांडा दोन बोटांत धरून हसत होते. माझ्याकडे बघून हसतायत असं मला वाटलं, म्हणून मी रागावले. मग पाहिलं, ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते शिडाकडे बघत होते.

घरी आल्यावर मात्र बोलले ते म्हशीच्या बाजूने. फणस वाजवून बघतात तसा त्यांनी दोघींचा डेक बोटाच्या पेराने वाजवून पाहिला होता. घोडीचा सगळीकडे खणखणीत होता. म्हशीचा दोन-तीन जागी भद्द वाजला. आत पाणी मुरलेलं. "डेक बदलता येतो. तळ बदलता येत नाय. हिचो तळ बघ." पुस्तकंही तेच सांगत होती. लांब प्रवासाला जड नौका, शर्यतीला हलकी, आणि दोन्ही एकीत हवं असेल तर काहीतरी सोडावं लागतं. काय सोडायचं, हे पुस्तकात नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "देवाक इचारा."

आमच्याकडे लग्न, विहीर, धंदा, काहीही असो, ग्रामदेवाला कौल लावल्याशिवाय होत नाही. भटजींनी मूर्तीला डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: पाण्यावरचं काम आहे, जड नौका टिकाऊ आहे, ती घ्यावी तर उजवा कौल दे. आम्ही हात जोडून उभे होतो. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी पडली. यजमानांनी नारळ दिला. स्कूटरवर त्यांच्या मागे बसून मी म्हटलं, "घोडी आवडली होती ना तुम्हाला?"

"देवान दिल्यार आवडता," ते म्हणाले.

घोडी तशीच्या तशी समुद्रात जाण्याजोगी होती. शिमग्याआधी घेतली असती तर पावसाळ्यापर्यंत सगळा मोसम मिळाला असता. म्हैस घेतली ती काठावर ओढून लाकडी टेकूंवर चढवली. उन्हाळाभर ते तिच्यावर होते. कुजलेला डेक कापून काढला, नवा बसवला, घासला, रंगवला. पावसात वर ताडपत्री बांधून आतलं काम केलं. मी डबा घेऊन जायचे. ते शिडीवरून उतरायचे तेव्हा घासकामाच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. जेवताना कारवारचा वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो ते सांगायचे. डोलकाठी आडवी ठेवलेली होती आणि शिडं आमच्या माडीवर, पिशवीत.

तेराव्यानंतर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "आमी होडीचा इचारला गो. माझ्या झिलाचा इचारूकच नाय."

मी त्यांना समजावायला हवं होतं. कौल चुकला नव्हता, जे विचारलं त्याचंच उत्तर मिळालं होतं. पण त्या नेमकं तेच म्हणत होत्या: मुलाबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं. आता मी वाचत बसते, आणि पान उलटल्यावर आधीच्या पानावर काय होतं ते आठवत नाही. मनात एकच चित्र येतं: दोन बोटांत धरलेला दांडा, आणि वर शिडाकडे लागलेले डोळे. तशी एक दुपार त्यांना मिळाली. दुसऱ्याच्या नौकेवर.

घोडी मुरगावच्या कुणीतरी घेतली. शर्यतीत पळते म्हणतात.

म्हैस शापोऱ्याच्या काठावर टेकूंवर उभी आहे. मी रविवारी जाऊन ताडपत्रीच्या दोऱ्या बघते. डेक कोरडा आहे. पेराने वाजवला तर सगळीकडे सारखा वाजतो. ती अजून पाण्यात गेलेली नाही.