तालमीची मुलाखत

वयात येणाऱ्या मुलींच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. काही वर्षं मी त्यांच्यातलीच एक होते, तेव्हा हे मत ऐकीव नाही. विद्यापीठ कुठलं ते सोडा. आमची प्रयोगशाळा जळगावात, मेहरूण तलावाच्या बाजूला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती. नाना, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा तिथे आले तेव्हा चपला बाहेर काढून आत शिरले, दोन्ही खोल्या नीट पाहिल्या आणि हळूच म्हणाले, "यंत्रं कुठी हायेत?" यंत्र एकच होतं. मुठीत मावणारं, आवाज टिपून घेणारं. तेच पुरेसं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही चौघं होतो. मॅडम आमच्या प्रमुख. आवाज इतका मऊ, की रागावल्या तरी समोरच्याला वाटावं आपली विचारपूस चालली आहे. एक सर आकडेमोड करायचे. त्यांना कुठलीच मुलगी नावानं माहीत नव्हती, सगळ्या क्रमांकानं. बाकी मी आणि माझ्याच वयाची एक धुळ्याची मुलगी. आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्यानं राहायचो, एका ताटात जेवायचो. तिची बोली वेगळी, माझी वेगळी. ती अहिराणीत चिडवायची, मी आमच्या सावद्याकडच्या बोलीत उत्तर द्यायची. सख्खी बहीण असती तर इतकं पटलं नसतं.

काम असं: शाळांमधून, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून फिरायचं, नववी-दहावीतल्या मुलींशी बोलायचं आणि नंतर ते सगळं शब्दाला शब्द उतरवून काढायचं. मुली काय सांगणार? "घरी कसं वाटतं?" "बरं." "मनात काही येतं?" "काही नाही." दारात आई उभी, तिच्यामागे काकू, खिडकीत शेजारचं सगळं घर. अशा ठिकाणी मन उघडं करणारी मुलगी माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्याकडे "बरं" आणि "काही नाही" यांचा नुसता ढीग साचला होता. मॅडम तो ढीग पाहून उसासे टाकायच्या.

मॅडमचा एक नियम मात्र मला फार आवडायचा. नव्या माणसाला गावात पाठवण्याआधी त्या तालमीची मुलाखत घ्यायला लावायच्या. दोघींनी समोरासमोर बसायचं, यंत्र चालू करायचं, आणि एकीनं आपल्या पंधराव्या वर्षाबद्दल खरं सांगायचं. "ज्यांना स्वतःचं सांगता येत नाही, त्यांनी दुसऱ्याला विचारू नये," असं त्या म्हणायच्या. नियमाचा दुसरा भाग असा, की तालमीचं बोलणं उतरवून काढायचा सराव झाला की सगळं पुसून टाकायचं. गावातल्या मुलींशी बोलायला त्यांच्या आईबापांची सही लागायची. तालमीला कशाला लागेल? तालीमच ती.

माझी तालीम त्या धुळ्याच्या मुलीनंच घेतली. मी आधी काहीतरी फालतू सांगत होते, शाळेतली भांडणं वगैरे. तिनं डोळे मिचकावले. "खरं सांग व. आपलीच खोली शे. मंग मीबी सांगसू."

आणि मी सांगितलं. आजवर कुणालाही न सांगितलेलं.

मी दहावीत असताना माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीवाला, घर नावाजलेलं. सुट्टीत साखरपुडा, वयात आल्यावर लग्न. त्यांची अट एकच, मुलगी दहावी पास हवी. नाना हरखून गेले होते. सावद्याला केळीच्या गाड्या भरून देणाऱ्या माणसाच्या दारात असं स्थळ रोज येत नाही. मला शिकायचं होतं, पण माझं कोण ऐकणार? ऐकलं ते आईनं. गणिताच्या पेपरच्या सकाळी माझी वेणी घालता घालता ती म्हणाली, "कोरा ठेव. तुही माय अजून जित्ती हाये." हे तिचं नेहमीचंच वाक्य. पत्रा गळला, पाहुणे आले, गॅस संपला, कशालाही आई म्हणायची, मी अजून जित्ती हाये. मी पेपर कोरा ठेवला आणि ताप चढल्याचं सांगून वर्गात डोकं धरून बसले. शाळेनं नानांना बोलावलं. नानांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं, पडू नये म्हणून माझ्याच ओढणीनं आपल्या पाठीशी बांधलं आणि घरी आणलं. घरी आईनं ओल्या पट्ट्या तयारच ठेवल्या होत्या. मी नापास झाले, स्थळ गेलं. पुरवणी परीक्षेत मी पास झाले, पुढे शिकत गेले. आणि नाना ज्याला त्याला अभिमानानं सांगत राहिले, की आमच्या पोरीनं अंगात ताप असताना पेपर दिला, नापास झाली, तरी हटली नाही.

हे आईचं गुपित होतं, माझं नव्हतं. घरात नानांचा सगळा व्यवहार आईच्या शब्दावर चालतो. आई म्हणाली की झालं, ते पुन्हा विचारत नाहीत. त्या एका शब्दाला तडा जाऊ नये, एवढंच मला सांभाळायचं होतं.

सांगून झाल्यावर मी रडले. तिनं मला पाणी दिलं, माझ्यासमोर यंत्रावरचं सगळं पुसलं. स्वतःची गोष्ट मात्र तिनं कधीच सांगितली नाही. मीही मागे लागले नाही.

पुढच्या वर्षी धुळ्याला एका कॉलेजात परिसंवाद ठरला. मॅडमचं मुख्य भाषण, आणि पडद्यावरची पानं पुढे सरकवायचं काम माझं. काम काय, कळ दाबायची. पण मी व्यासपीठाच्या बाजूला बसणार म्हटल्यावर नाना सावद्याहून पहाटेच निघाले. इस्त्रीचा शर्ट, आणि मॅडमसाठी निवडून आणलेल्या केळ्यांचं खोकं. तिसऱ्या रांगेत खोकं मांडीवर घेऊन बसले. माझी ती धुळ्याची मैत्रीण त्यांच्या शेजारी.

मॅडमनी छान सुरुवात केली. मुलींचा विश्वास कसा मिळवावा लागतो, घरातल्या बायका आतून कसा विरोध करतात. मग म्हणाल्या, "आता केळीच्या पट्ट्यातली आमची एक मुलगी ऐका. पुढचं पान."

मी कळ दाबली. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं: कोरा ठेव. तुही माय अजून जित्ती हाये.

बोली सुद्धा बदलली नव्हती. मॅडमना अस्सल आवडायचं. मग त्यांनी मऊ आवाजात सगळं सांगितलं: स्थळ, अट, ओल्या पट्ट्या, खोटा ताप, आणि मुलीला ओढणीनं पाठीशी बांधून नेणारा बाप. बापाच्या उल्लेखाला सभागृह हसलं. वाईट हेतूनं नव्हे, कौतुकानं हसलं. पण हसलंच. मॅडम "पुढचं पान" म्हणत राहिल्या आणि मी कळ दाबत राहिले. का थांबले नाही, ते आजही माझं मला समजत नाही. नानांकडे पाहिलं तेव्हा ते पडद्याकडे नाही, मांडीवरच्या खोक्याकडे पाहत होते.

जेवणाच्या सुट्टीत मी मैत्रिणीला जिन्याखाली गाठलं. आवाज पुसला होता, पण तिनं उतरवून काढलेलं तसंच राहिलं होतं. ते तिनं सरांकडे तपासायला दिलं, सरांनी त्यालाही क्रमांक टाकला, आणि क्रमांक पडला की आमच्याकडे माणूस संपतो. मॅडमना ते सापडलं, आवडलं. मॅडमनी तिला विचारलं होतं, हे कुणाचं? आणि तिनं माझं नाव सांगितलं होतं! म्हणजे दोघींना माहीत होतं. मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

ती म्हणाली, "तुनं नाव कोठे शे त्यात? नाव तं काढी टाकं ना बठ्ठं."

मॅडम तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, ओळख पटेल असं काहीच ठेवलं नाही. आणि किती सुंदर सांगितलंस तू. गावातली एकही मुलगी असं बोलली नाही."

"त्यांच्या आया दारात उभ्या होत्या, मॅडम," मी म्हणाले. "माझ्या दारात तुम्ही होतात."

कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. मी त्याच दिवशी काम सोडलं. नानांनी मात्र खोकं मॅडमच्या हातात दिलंच. "चांगलं बोलल्या तुमी," म्हणाले. आणलेली वस्तू परत न्यायची त्यांची रीत नाही.

धुळ्याहून परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत ते तिकिटाची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ताप नव्हता मंग तुले."

"नव्हता."

"मी तं गच्च बांधलं होतं. पडशीन म्हनून."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, पण धरलाही नाही. पुढे म्हणाले, "मी त्या स्थळवाल्याहिच्या दारात जाऊन देवाची आन घेतली होती. पोरीले ताप होता म्हनून." हे मला माहीतच नव्हतं. आईलाही नसावं.

घरी पोचलो. आईनं विचारलं, कसं झालं, तर म्हणाले, "चांगलं झालं." मला वाटलं, निभावलं. दोन-चार दिवसांनी पाहुणे आले. माझ्या शिक्षणाचा विषय निघाला आणि आई स्वयंपाकघरातून कौतुकानं म्हणाली, "त्याहिले तापाची गोष्ट सांगा ना."

नाना सुपारी कातरत होते. म्हणाले, "कोनती? मले नाही आठवत."

पाहुणे हसले, विषय बदलला. आई हातातली पोळी तशीच धरून दारात आली. नानांकडे तिनं पाहिलंच नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे गेल्यावर तिनं मला मागच्या दारी बोलावलं. "तू सांगितलं?"

तालीम, यंत्र, क्रमांक, मॅडम, यातलं काय सांगायचं तिला? मी म्हणाले, "हो, मीच सांगितलं."

तिनं मान हलवली आणि भांडी घासायला बसली. मी मदतीला वाकले, तर म्हणाली, "राहू दे." तेवढंच म्हणाली. पुढे तिचं ते नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.