प्रभाकर, परत जा!

केळीचं खोड कापलं की शेजारी पिलं उभी राहतात. आमच्या शूटिंगच्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगायला जावं, तर बाजूने दुसरा फुटतो.

मी कोलकात्याला सिनेमा शिकून बुऱ्हाणपूरला परत आले, ते एकच ठरवून: सिनेमा इथे करायचा, इथल्याच माणसांना घेऊन! विनोदी. परग्रहावरचे लोक केळीच्या बागेत उतरतात आणि अख्खं गाव त्यांना हाकलायला धावतं.

परग्रहाचा राजा झाले प्रभाकर सर. सिंधीपुऱ्यात आमच्या शेजारी राहायचे. अर्ध्या गल्लीला त्यांनीच विज्ञान शिकवलेलं. इंदूरच्या डॉक्टरांनी तोवर त्यांच्या आजारापुढे हात टेकले होते. सर म्हणाले, "आधी माझे सीन घे. मला स्वतःला पडद्यावर बघायचंय, तेव्हा जरा चटचट."

*

राजाचं नाव मी फार अवघड ठेवलं होतं. कुणाच्या लक्षातच राहीना. सर म्हणाले, "प्रभाकरच ठेव. म्हणजे सूर्य. अंतराळातलंच झालं की!"

*

यान बनवलं ते मंडपवाल्याच्या चंदेरी कापडाचं. ऐन शूटिंगच्या सकाळी तो कापड न्यायला टेम्पो घेऊन हजर. देडतलाईला लग्न होतं.

"भैया, आमचं शूटिंग!"

"दीदी, लगन थोड़ी रुकेगा? तुमच्या एलियनला बोलो, शाम को उतरो."

त्या दिवशी आमच्या यानाखाली एका जोडप्याचं लग्न लागलं. सर हिरवा रंग फासून झाडाखाली आडवे पडून राहिले. मी सारखी घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "अगं, चांगल्या कामाला गेलंय ना यान?"

*

यान उतरताच सगळ्यांनी बागेतून सैरावैरा पळायचं होतं. मी ओरडले, "ॲक्शन!" सगळे एकामागे एक, रांगेत, पाय उचलून उचलून निघाले.

"अहो, जीव वाचवायचाय! पळा ना!"

बागवाले भागवतकाका म्हणाले, "जीव वाचंल वो ताई, पण ड्रिपच्या नळीवर पाय पडला तर?"

तोच शॉट ठेवला.

*

सर यानातून बाहेर आले की गर्दीने दगड उगारायचे होते. सर आले. सगळ्यांनी दगड खाली टाकले आणि ताठ उभं राहून एका सुरात म्हटलं, "नमस्ते, सर!"

सर हसले. मग खोकले. खोकला बराच वेळ थांबेना. दगड पुन्हा उचलायला कुणी वाकलं नाही.

*

शेवटचा सीन. अख्ख्या गावाने ओरडायचं: "प्रभाकर, परत जा!" गर्दीत पुढेच शैलाकाकू होत्या, सरांच्या मिसेस. त्यांचे ओठ बंद.

"काकू, ओरडा ना!"

"बाई गं, नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

"मग नुसतं 'परत जा' म्हणा."

काकूंनी यानाकडे बोट केलं. "ह्यांना? 'जा' म्हणू?"

यानाच्या दारातून सर म्हणाले, "शैला, ॲक्टिंग आहे!"

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या.

सिनेमात नीट बघितलं तर दिसतं: सगळं गाव ओरडतंय आणि एक बाई पदर तोंडात धरून उभी आहे.

*

डबिंग सरांच्या घरीच केलं, आवाज घुमू नये म्हणून खोलीभर गाद्या लावून. एकेका वाक्यानंतर त्यांना पडावं लागायचं. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी विचारलं, "राजा मरत नाही ना?"

"नाही सर. यानात बसून निघून जातो."

"मग बरं."

एडिटिंग व्हायच्या आत सर गेले.

*

शाळेच्या मैदानात पडदा लावला. भागवतकाकांच्या रांगेला टाळ्या पडल्या. "नमस्ते, सर" आलं तेव्हा मैदानातले लोकही उभे राहिले. पुढच्या ओळीत, शैलाकाकूंच्या शेजारची खुर्ची कुणी घेतली नव्हती.

मग तो सीन आला. यानाच्या दारात सर. पडद्यावर सगळं गाव ओरडलं, "प्रभाकर, परत जा!"

काकू उठल्या. पदर सारखा केला. आणि भरल्या मैदानात, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"प्रभाकर, परत या!"