ओटीतले तांदूळ

येरमाळ्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तरी बायका माझी ओटी भरतच होत्या. ज्यांची बाळंतपणं मी गावच्या उपकेंद्रात केली त्या सगळ्या लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. मी नवऱ्यासोबत जर्मनीला निघाले होते, नर्स म्हणून, आणि या बायका जणू लेकीला सासरी धाडत होत्या. आई रडून रडून थकली होती. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "जा. मागं बघू नको." आईनं ओटी बांधून दिली. "हे तांदूळ आपल्या घरी शिजीव. दुसरीकडं न्हाय."

ते तांदूळ कालपर्यंत इथं जर्मनीत, कपाटात फडक्यात बांधलेले होते.

इथं मला श्वेस्टर म्हणतात, म्हणजे आपलं सिस्टरच. वॉर्डात माणसं कमी, म्हणून मला बोलावलं, भाषा शिकवली, कायम केलं. गावात मी कंत्राटी होते. दर वर्षी नवी ऑर्डर निघेपर्यंत जीव टांगणीला. पण मी निघाल्यापासून उपकेंद्राला कुलूप आहे. ते माझ्यामुळं, की मला कायम न करणाऱ्यांमुळं? इथल्या म्हाताऱ्या माझा हात धरून झोपतात, त्यांच्यावर तरी कसं रागवायचं?

परवा दादांचा फोन आला. उपकेंद्राची जागा निघालीय, यंदा कायमची. "अर्ज टाक. बायांचे लई हाल व्हायलेत. तुझ्या भावजयीचे दिवस भरत आलेत, तिला पार तालुक्याला, वाशीला न्यावं लागंल." मागं बघू नको म्हणणारे ते हेच. आणि स्टँडवर रडलेली आई मागून म्हणते, "येऊ नको गं. हितं औषधं न्हाईत, डॉक्टर न्हाय, समद्यांच्या शिव्या तूच खाशील." दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत.

अर्ज भरून ठेवलाय. मुदत शुक्रवारी संपते. पाठवलेला नाही.

काल सुट्टी होती. फडकं सोडलं. तांदळात किडे झाले होते, ते निवडून काढले. ओटी भरणाऱ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या पोरींनो, आपलं घर कुठलं ते मला अजूनही सांगता येत नाही. निम्मे तांदूळ शिजवले आणि आम्ही दोघांनी दूधसाखर घालून खाल्ले. चव चांगली होती. उरलेले पुन्हा गाठ मारून ठेवले, पण कपाटात नाही, बॅगेत.