पावण्यांच्या डोक्यावरची ताडपत्री

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पावण्यांना जेवू घालायची आमच्या बीदरकडं रीत. त्या सकाळी बसायला काही सापडेना, म्हणून मी तुरीच्या ढिगावरची ताडपत्री ओढली आणि कडब्याच्या कोपीपुढं अंथरली. वर भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा माठ. मलाच माझं कौतुक वाटायलं होतं. पलीकडं कापलेली तूर उघडी पडली होती. वर्षाची डाळ आणि पोरीचं लातूरचं कॉलेज, दोन्ही त्या ढिगात.

"तूर झाका आधी," बायको म्हणाली. तिचं माहेर गुलबर्ग्याकडचं. चुलीपाशी तिचा कन्नड रेडिओ चालू असतो. "वादळाचं उरलंसुरलं आंध्राकडून यायलंय. वरून थंडी उतरायली. दोन्हीची गाठ पडली की पाऊस हाय म्हणं."

"काल टीव्हीवर मराठवाडा कोरडा दाखवलाय."

"आपुन मराठवाड्यात कवापासून?"

पावणे हसले. मीही हसलो. विषय संपला.

जेवणं उरकायच्या आत वारं फिरलं आणि बोचरा, गार पाऊस सुरू झाला. मी ताडपत्रीकडं धावलो, तर पावण्यांनी ती आधीच डोक्यावर घेतलेली! आता पावण्यांच्या डोक्यावरून ओढायची कशी? ताडपत्रीखालून उदगीरचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, ओरडले, "आमच्याकडं कोरडंच असंल बघा, पावणं!"

तवा चढलेला संताप अजून उतरला नाही. मराठी बोलतो म्हणून ज्या टीव्हीवाल्यावर मी भरवसा ठेवला, त्याचा हात नकाशावर उदगीरला थांबतो. पुढं सगळं राखाडी, जणू तिथं समुद्रच आहे. कन्नड चॅनेल लावावं तर अर्धा तास बेंगळूरचाच पाऊस, आणि आमचं बीदर वरच्या कोपऱ्यात त्यांच्या चिन्हाखाली झाकलेलं. अरे, ढग काय चेकपोस्टवर थांबून पावती फाडतात? आम्ही भिजतो ते कुणाच्या हिशेबात? आणि घरातली बाई तोंडावर सांगत असताना मी टीव्हीचं ऐकलं! स्वतःवर ओरडता येईना, म्हणून बैलांवर ओरडलो. त्यांनी रवंथ थांबवला नाही.

पाऊस थांबला, आभाळ मात्र उघडेना. शेवटी चार दिवसांनी ढीग उपसला तर आतून वाफ आली. शेंगांत मोड, निम्मी तूर काळी. बायको शेंगा उलथत होती.

"बोल की काहीतरी," मी म्हणालो.

"पुढल्या येळवशीला ताडपत्री तुरीवरच राहू द्या," ती म्हणाली. "पावणे भिजले तर वाळतात."